मातीचं रवादिव्य

गॅरेज उठतं, गॅरेजखालची माती उठत नाही. शहराच्या वेशीवरचं एखादं गॅरेज तीस-पस्तीस वर्षं चालतं. मिस्त्री दिवसातून दहादा ऑइल बदलतो. जळकं ऑइल डब्यात जातं आणि डबा भरला की उरलेलं कोपऱ्यातल्या मातीत जातं. पार्ट डिझेलमध्ये धुतले जातात आणि ते काळं झालेलं डिझेलही त्याच कोपऱ्याच्या स्वाधीन होतं. मग मिस्त्रीचा मुलगा आयटीत लागतो, शटर खाली येतं आणि जागेवर ‘प्रशस्त टू-बीएचके, समोर बाग’ अशी पाटी लागते. बाग नेमकी त्या कोपऱ्यात असते.

जागेचे नवे मालक माती बघायला येतात तेव्हा पहिली तपासणी नाकाने होते. एजंट कोपऱ्यातली मूठभर माती उचलतो, स्वतः हुंगतो, मालकांच्या नाकाशी नेतो आणि म्हणतो, ‘पावसाचा वास आहे, साहेब. अस्सल माती.’ मालक हुंगतात. मालकांचे मेहुणे हुंगतात. मेहुण्यांना मात्र लहानपणी एसटी स्टँडवर उतरल्यासारखं वाटतं.

नाक या कामी अगदीच निरुपयोगी नाही, पण त्याचा कल आधीपासून मातीच्या बाजूने आहे. ओल्या मातीचा तो वास जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि पाण्याच्या लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तर याच वासाचं अत्तर काढतात. बेन्झिनच्या बाबतीत हे नाक इतकं हळवं नाही. त्याचा वास कळेपर्यंत हवेत ते नको तेवढं झालेलं असतं. जळकं इंजिन ऑइल तर इतकं जड की ते फारसं उडतच नाही, मग नाकापर्यंत पोहोचणार कसं? तेव्हा पेट्रोलचा वास आला तर माती बिघडलीय हे नक्की. नाही आला, तर नाकाला काही म्हणायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय बेन्झिन कर्करोगकारक असल्यामुळे नमुने घेणाऱ्यांना माती हुंगायला मनाई असते. ते काम हातात धरायच्या एका यंत्राकडे दिलेलं आहे. झिपवाल्या पिशवीत माती भरायची, जरा थांबायचं आणि यंत्राची नळी आत खुपसायची. ते वाफ मोजून आकडा दाखवतं. वाफ कोणाची, हे त्यालाही कळत नाही. हवा फार दमट असली तर ते गोंधळतं. म्हणजे मुंबईत जुलै महिन्यात त्याची अवस्था माणसांसारखीच.

दुसरी घरगुती तपासणी पाण्याची. चमचाभर माती वाटीभर पाण्यात टाकली आणि वर इंद्रधनुष्य उमटलं, की तेल. पण लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या पाण्यावर काही जिवाणूसुद्धा असाच चमचमता पापुद्रा पसरवतात. जांभ्या दगडाच्या मुलखात झऱ्याकाठी असा तवंग दिसला म्हणून तेलाची विहीर खणायला घेऊ नये. काडीने ढोसून पाहावं. जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुटतो आणि त्याचे तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग फुटला तरी काडी उचलताच पुन्हा एक होतो. फुटून पुन्हा एक होण्याचा हा गुण महाराष्ट्राच्या वाचकाला जास्त समजावून सांगायची गरज नाही.

मेहुण्यांनी मग तिसरा उपाय काढला. ‘सरकारी माती परीक्षण करा ना! गावाकडे सगळे करतात. कार्ड मिळतं.’

मृदा आरोग्य पत्रिका ही चीज खरोखर कामाची आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंत बारा गोष्टींची नोंद असते. त्या बारांत तेल नाही. शेतकऱ्याच्या रानात डिझेलची टाकी फुटेल असं ती योजणाऱ्यांच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. उलट त्यात सेंद्रिय कर्ब नावाचा एक रकाना आहे. तो मोजण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ सालची. डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून मातीतला कर्ब जाळायचा आणि डायक्रोमेट किती खर्ची पडलं ते पाहायचं. हा कर्ब शेणखताचा की गिअर ऑइलचा, हे डायक्रोमेट विचारत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यातली माती तिथे गेली तर ‘सेंद्रिय कर्ब : भरपूर’ असा शेरा मिळू शकतो.

नमुना घ्यायची रीतही नेमकी उलटी. शेतीच्या मातीसाठी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, आठ-दहा ठिकाणची माती गोणपाटावर एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची, सावलीत वाळवायची आणि कापडी पिशवीत भरायची. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याला हे शिकवलेलं आहे आणि शेतीसाठी ते बरोबरच आहे. पेट्रोलच्या बाबतीत यातली प्रत्येक पायरी म्हणजे पुरावा नष्ट करणं. ढवळताना थोडं पेट्रोल उडतं, वाळवताना राहिलेलं उडतं आणि कापडी पिशवीला तर झाकणच नसतं. प्रयोगशाळेत पोहोचते ती निर्दोष सुटलेली माती.

म्हणून तेलाच्या तपासणीत नमुना घेणारा माणूस एखाद्या सोवळ्या सासूबाईंसारखा वागतो. प्लास्टिकची पिशवी चालत नाही. गडद तपकिरी काचेची बाटली लागते, झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर लागतं. बाटली काठोकाठ भरायची, कारण वर हवा राहिली तर पेट्रोल त्या हवेत जाऊन बसतं. बर्फात ठेवायची, चार अंशांच्या आसपास. अमेरिकी पद्धतीत १४ दिवसांच्या आत मातीतून तेल काढून घ्यायचं आणि ४० दिवसांच्या आत ते मोजायचं. उशीर झाला तर अहवालावर तसा शेरा पडतो. हातमोजे प्रत्येक नमुन्याला नवे. अंगाला डासांचं मलम नको, सनस्क्रीन नको, सकाळी येता येता गाडीत पेट्रोल भरलेलं नको. बाटलीवर नाव लिहायचं मार्करसुद्धा जपून, कारण काही मार्करच्या शाईतच टोल्युइन-झायलिन असतं. माती निर्मळ आणि मार्कर गुन्हेगार, असं निघायला नको.

मग बाटलीवर सील, सीलवर सही, आणि बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली याचा तारीख-वेळेसकट कागद. हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल की परदेशी थेर आहेत. पण मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात रवादिव्य व्हायचं, तेव्हा रीत याहून फार निराळी नव्हती. भांड्यात तूप आणि तेल उकळायचं, त्यात धातूचा रवा टाकायचा आणि वादी-प्रतिवाद्यांतल्या एकाने तो हाताने बाहेर काढायचा. त्याआधी हात स्वच्छ धुवून घेत, लेप लावून आला असेल तर कळावं म्हणून. रवा काढल्यावर हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर करत. दोन-तीन दिवसांनी सर्वांसमक्ष मोहोर फोडून हात पाहत. विषय तोच : जमीन. साहित्य तेच : तेल आणि आग. फरक एवढाच, की आता दिव्य वादी करत नाही, माती करते.

या सगळ्यात एक कोरा साक्षीदारही असतो. प्रयोगशाळेतून निघतानाच एक स्वच्छ बाटली बरोबर दिली जाते. ती जागेवर जाते, कोणी उघडत नाही, आणि इतर बाटल्यांबरोबर परत येते. वऱ्हाडात जाऊन पाणीसुद्धा न घेता परत आलेल्या एखाद्या मानी काकांसारखी. तिच्यात पेट्रोल सापडलं तर समजायचं की प्रवासातच काहीतरी घोळ झाला.

बाटली पोहोचली की खरी गंमत सुरू होते. मातीतून तेल बाहेर काढायचं कसं?

त्यासाठी अजूनही अनेक ठिकाणी वापरतात तो सॉक्सलेट नावाचा काचेचा संच. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या रसायनशास्त्रज्ञाने तो १८७९ साली मांडला, तोही दुधातली चरबी मोजण्यासाठी. दूधवाल्याच्या हिशोबासाठी जन्मलेलं भांडं पेट्रोलपंपाच्या मागे लागलं. दहा ग्रॅम माती जाड कागदाच्या टोपीत भरतात, खाली तीनशे मिलिलिटर द्रावक उकळत ठेवतात. वाफ वर जाते, थंड होते, थेंब थेंब मातीवर पडते, टोपी भरली की सगळं आपोआप खाली ओघळतं आणि पुन्हा उकळू लागतं. असं सोळा ते चोवीस तास. ऑफिसातला कँटीनवाला एकाच चोथ्यावर दिवसभर चहा काढतो तो प्रकार, फक्त इथे चोथ्यावर पडणारा थेंब प्रत्येक वेळी कोरा असतो.

काढलेल्या द्रावात सगळं तेल आलं की काही मातीलाच चिकटून राहिलं, हे कळायला प्रयोगशाळा आणखी एक युक्ती करते. सुरुवातीलाच मातीत एक ओळखीचा पदार्थ मोजून टाकते, जो पेट्रोलात सहसा सापडत नाही. ऑर्थो-टरफेनिल हा या कामातला नेहमीचा गडी. शेवटी तो किती परत मिळाला ते पाहायचं. लग्नघरी आचाऱ्याला वाट्या देताना मावशी मोजून देतात आणि मोजून परत घेतात, त्यातलंच हे. शंभरातल्या साठच परत आल्या तर मावशी पुढच्या पदार्थाच्या चवीवरही विश्वास ठेवत नाहीत.

यानंतर द्राव गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जातो. तीसेक मीटर लांब, केसाएवढी बारीक नळी भट्टीत गुंडाळून ठेवलेली असते. भट्टी हळूहळू तापते. हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागे रेंगाळतात. शेवटच्या टोकाला हायड्रोजनची एक छोटी ज्योत. १९५७-५८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत, एकमेकांना पत्ता नसताना, ही युक्ती दोनदा शोधली गेली. जो रेणू येईल तो ज्योतीत जळतो, जळताना विद्युतभार सोडतो, आणि कागदावर एक टोक उमटतं. जितका कर्ब, तितकं टोक उंच. ज्योतीला कर्ब कळतो. नाव, गाव, कुळ काही कळत नाही.

आणि इथेच मालकांचा साधासुधा प्रश्न अडकतो. ‘मातीत तेल किती?’

पेट्रोलियम हा एक पदार्थ नाही. त्यात हजारो संयुगं आहेत. अहवालावर ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ असा भारदस्त शब्द येतो, पण तो कुठल्या पदार्थाचं नाव नाही. तो गर्दीचा आकडा आहे. गर्दीत कोणाला मोजायचं, हे ठरवतो फाटकावरचा माणूस. ज्योत नाव सांगत नसल्यामुळे ओळख वेळेवरून पटवावी लागते : अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत जे बाहेर आलं त्याला डिझेल म्हणायचं. आता हे अमुक आणि तमुक प्रत्येक देशात वेगळे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नेहमीच्या पद्धतीत डिझेलची हद्द दहा ते अठ्ठावीस कार्बनांची. अलास्का राज्याने आपली हद्द दहा ते पंचवीस ठेवली आणि पुढचे छत्तीसपर्यंतचे ‘उरलेले’ म्हणून वेगळ्या खात्यात टाकले. म्हणजे सव्वीस कार्बनांचा एखादा रेणू इतरत्र डिझेल असतो आणि अलास्कात उतरला की डिझेल राहत नाही. कॅनडाने तर नावांचा नादच सोडला आणि एफ-१ ते एफ-४ असे चार गट पाडले; सोळा ते चौतीस कार्बनवाले सगळे एफ-३मध्ये, तिथे डिझेलचं शेपूट आणि इंजिन ऑइलचं डोकं एकाच बाकावर बसतात. नेदरलँड्समध्ये दहा ते चाळीस सरसकट ‘मिनरल ऑइल’. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असतं तसं.

डच लोकांची हस्तक्षेपाची मर्यादा किलोभर कोरड्या मातीत ५००० मिलिग्रॅम. ऐकायला भयंकर, मोजायला पाच ग्रॅम. चहाचा चमचाभर.

पण मोजायचं ते कोणाचं? कारण कर्बाची मक्तेदारी काही तेलकंपन्यांकडे नाही. पानं पावसात भिजून लिबलिबीत होऊ नयेत म्हणून झाडं त्यांच्यावर मेण चढवतात आणि हे मेण मोठ्या प्रमाणात सरळसोट हायड्रोकार्बनचंच असतं. कोबीच्या पानावर पाणी टाकलं की थेंब मोत्यासारखे घरंगळतात, ती करामत मुख्यतः एकोणतीस कार्बनांच्या नोनाकोसेनची. एकोणतीस म्हणजे बरोबर इंजिन ऑइलच्या दारात. गॅरेजच्या शेजारी भाजीवाला बसत असेल आणि संध्याकाळी उरलेला पाला तिथेच टाकत असेल, तर मिस्त्रीच्या पापात कोबीचाही वाटा निघतो आणि ज्योत दोघांना एकाच रांगेत उभं करते.

सुदैवाने झाडांना एक खोड आहे. त्यांना विषम आकडा प्रिय. सत्तावीस, एकोणतीस, एकतीस, तेहतीस. आपण आहेर देताना पन्नासवर शकुनाचा एक रुपया ठेवून एक्कावन्न करतो. झाडं सम आकड्याच्या मेदाम्लातला एक कार्बन काढून घेतात आणि विषम करतात. रीत उलटी, हौस तीच. जुन्या, मुरलेल्या पेट्रोलियमला असला सोस फारसा नाही. त्यात सम-विषम साधारण सारखेच. म्हणून आलेख वाचणारा जाणता माणूस असेल, तर एक सोडून एक उंच टोकं दिसताच तो म्हणतो, हे तेल नव्हे, हा पाला. पण जाणत्या माणसाला वेळ असावा लागतो. यंत्र बेरीज करून मोकळं झालेलं असतं. कॅनडात शेतीच्या आणि राहत्या जागेतल्या भरड मातीसाठी एफ-३ची प्राथमिक मर्यादा किलोला ३०० मिलिग्रॅम आहे. ज्या दलदलीच्या पीट-मातीवर तेलाचा थेंब पडलेला नाही, अशा मातीनेही ती ओलांडल्याची उदाहरणं तिथल्या शास्त्रज्ञांनी नोंदवली आहेत. हजारो वर्षं नुसतं शेवाळं कुजत पडलं होतं, त्याच्यावर आळ आला.

यावर उपाय सिलिका जेलचा. बुटाच्या खोक्यात ‘खाऊ नका’ लिहिलेली जी पुडी निघते, तिचंच प्रयोगशाळेतलं घरंदाज भावंड. द्राव त्यातून गाळला की झाडांची आम्लं, स्टेरॉलं, ह्युमसचे अंश त्याला चिकटतात आणि तेल पुढे सरकतं. मात्र कोबीचा तो नोनाकोसेन इतका सरळमार्गी, की तो जेललाही चिकटत नाही. तेलाच्या रांगेत मान खाली घालून निघून जातो.

हा सगळा पाला-तेल घोळ जिच्यामुळे दिसतो, त्या क्रोमॅटोग्राफीचा जन्म मात्र ऐकण्यासारखा आहे. मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०३ साली वॉर्सात त्याने आपली युक्ती मांडली : पानांतले रंग पेट्रोलियम ईथरमध्ये उतरवायचे, खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून ओतायचे, की हिरवे, पिवळे, नारिंगी पट्टे वेगवेगळे होतात. तीन वर्षांनी त्याने तिचं नाव ठेवलं क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजेच रंग. आपलं आडनाव शास्त्राला देऊन वर ग्रीक शब्दामागे लपता येतं, हे त्याने बहुधा पहिल्यांदा दाखवलं. म्हणजे सुरुवातीला पानाची उलगड करायला पेट्रोलियमची मदत घेतली. शंभर वर्षांनी त्याच विद्येची पदवी घेतलेली मंडळी पेट्रोलियममधून पान वेगळं कसं करावं या विवंचनेत आहेत.

याआधी एक काळ असाही होता की ज्योत, नळी वगैरे भानगड नव्हती. अमेरिकेत ४१८.१ या आकड्याने प्रसिद्ध असलेली पद्धत अवरक्त किरणांची. मुळात ती सांडपाण्यासाठी. सोपी आणि स्वस्त म्हणून लोकांनी मातीलाही लावली. मातीतलं तेल फ्रिऑन-११३मध्ये उतरवायचं आणि त्यातून किरण सोडायचे. कार्बन-हायड्रोजनची जोडी जिथे असेल तिथे किरण शोषले जातात. फ्रिऑनमध्ये अशी जोडीच नाही, म्हणून तो अदृश्य राहतो. हुशारीच म्हणायची. पण तुलनेसाठी एक प्रमाण तेल लागतं. पृथ्वीवरच्या कुठल्या विहिरीचं तेल प्रमाण मानावं? वाद नको म्हणून पाककृतीच ठरवली : पंधरा मिलिलिटर हेक्झाडेकेन, पंधरा मिलिलिटर आयसोऑक्टेन, दहा मिलिलिटर क्लोरोबेन्झिन. हे तेल जगात कुठेही जमिनीतून निघत नाही. अमेरिकेतल्या असंख्य पेट्रोलपंपांखालची माती अशा प्रकारे, कधीच अस्तित्वात नसलेल्या तेलाशी ताडून पाहिली गेली.

पुढे लक्षात आलं की फ्रिऑन-११३ ओझोनच्या थराला भोक पाडतो. जमीन खराब झालीय का, हे पाहण्यासाठी आकाश खराब करणं चालू होतं. १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांत १९९६पासून त्याचं उत्पादन बंद झालं आणि ४१८.१ निवृत्त झाली. तिच्यानंतरच्या पद्धतींत डायक्लोरोमिथेनचा राबता. अमेरिकेने २०२४ साली त्याच्याही बहुतेक वापरांवर बंदी आणली. प्रयोगशाळांना सवलत दिली, पण कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाच्या अटींसह. दहा ग्रॅम संशयित मातीची झडती घ्यायला तीनशे मिलिलिटर त्याहून घातक द्रव लागतो, हा हिशोब प्रयोगशाळेतले लोक आपसात हसत सांगतात. गिऱ्हाइकासमोर नाही.

मालकांचा पुढचा प्रश्न मात्र फार व्यवहारी असतो. ‘हे कधीचं आहे? आमच्या आधीचं ना?’

तेलाचं वय काढायचा एक मार्ग आहे. मातीतले जिवाणू तेल खातात, पण चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचणाऱ्या पोरांसारखे. सरळ साखळ्या आधी संपवतात. फांद्या असलेले रेणू नंतरसाठी ठेवतात. अशा फांदीवाल्यांतला एक प्रिस्टेन. शार्कच्या यकृताच्या तेलात तो सापडला म्हणून त्याचं नाव माशावरून पडलं. सतरा कार्बनांची सरळ साखळी आणि प्रिस्टेन हे यंत्रातून जवळजवळ एकत्र बाहेर पडतात, त्यामुळे दोघांची उंची शेजारी शेजारी दिसते. साखळी जितकी खुजी झाली, तितकं डिझेल जुनं. १९९३ मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी यावरून गणित मांडलं की जमिनीत सांडलेल्या डिझेलचं वय दोनएक वर्षांच्या फरकाने सांगता येतं. वकिलांना परमानंद झाला. मग इतरांनी विचारलं की थंड डेन्मार्कातल्या जिवाणूंची भूक गरम देशात चालेल का, चिकणमातीत चालेल का, पाऊस जास्त असेल तर काय. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख एक जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहिली. डिझेलच्या जन्मतारखेवर त्याहून थोडा जास्त विश्वास ठेवता येतो. थोडाच.

फार वर्षं मुरलेल्या तेलाचा आलेख तर टोकांचा राहतच नाही. हजारो न सुटलेल्या संयुगांचा एक गुबगुबीत उंचवटा होतो. शास्त्रज्ञ त्याला चक्क ‘हम्प’ म्हणतात. उंटाचं वशिंड.

आणि जिवाणूंनी खाल्लेलं तेल गेलं कुठे, हा आणखी वेगळा तंटा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. सुमारे सतरा लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं गोळा केलं, उरलेलं जमिनीत मुरलं, आणि तिथल्या भूगर्भशास्त्रज्ञांना कायमची प्रयोगशाळा मिळाली. १९८३पासून ते तिथे ठाण मांडून आहेत. त्यांना दिसलं की भूजलात मूळ तेलापेक्षा अर्धवट पचलेल्या तेलाचे पदार्थ कितीतरी जास्त आहेत. या पदार्थांना ऑक्सिजन चिकटलेला असल्यामुळे ते सिलिका जेलला अडकतात. म्हणजे जेल वापरला तर पाल्याबरोबर पचलेलं तेलही हिशोबातून जातं. नाही वापरला तर तेलाबरोबर पालाही हिशोबात येतो. नियामक म्हणतात जेल नको, जागेवाले म्हणतात जेल हवाच. माती काहीच म्हणत नाही.

भारतात या वादांना आता कुठे कागद मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची. पोलीस चौकीतल्या फळ्यानंतर आता सातबाऱ्यावरही ‘संशयित’ शब्द येईल या धास्तीने एजंट मंडळी अधिकच जोरात पावसाचा वास घेऊ लागतील.

आपल्या मालकांचा अहवाल आला तेव्हा आकडा चार अंकी होता. त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन विचारलं, ‘यात तेल किती आणि कोबी किती?’ खिडकीतल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, की सिलिका जेलने साफ करून पुन्हा पाहता येईल, त्याचे पैसे वेगळे. मालकांनी भरले. दुसरा अहवाल आला, आकडा निम्म्यावर. दोन्हींवर सही एकाच बाईंची, शिक्का एकाच प्रयोगशाळेचा, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

मालक घरी जाईपर्यंत गंभीर होते. जेवताना त्यांना सुचलं. पहिला अहवाल त्यांनी गॅरेजवाल्या मिस्त्रीला दाखवायला ठेवला, जागेचा भाव पाडण्यासाठी. दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांच्या फायलीत लावला.

महिन्याने प्रयोगशाळेतून फोन आला, की उरलेली माती घेऊन जा, आमच्याकडे ठेवायची मुदत संपली आणि दूषित माल नगरपालिकेच्या कचऱ्यात टाकता येत नाही. मेहुणे जाऊन तपकिरी बाटली घेऊन आले. येताना जागेवर थांबले, माती होती त्या कोपऱ्यात ओतली आणि बाटली वहिनींकडे दिली. झाकण चांगलं घट्ट बसतंय, असं वहिनींचं मत पडलं. मेतकूट ठेवायला होईल.